मदत कोणी द्यायची, एवढंच विचारलं गेलं

आपल्याकडे विजेची सबसिडी म्हटली की शेतीपंपाचं बिल आठवतं. पैसा वीज बनवणाऱ्या कंपनीला द्यायचा आणि तो ग्राहकाच्या बिलातून काढायचा, हा प्रकार अमेरिकेत गेल्या दशकात चांगलाच गाजला. तिथली भांडणं वाचताना एक गोष्ट खटकत राहते. न्यायालयात कीस पडला तो मदत कोण देऊ शकतं याचा. ती द्यावी का, हा प्रश्न दाराबाहेरच राहिला.

याचं मूळ 1935 च्या फेडरल पॉवर ॲक्टमध्ये आहे. घाऊक विक्री केंद्राच्या ताब्यात, किरकोळ विक्री आणि वीजप्रकल्प राज्यांच्या. वीज बनवणारी आणि घरोघर पोचवणारी कंपनी एकच होती तोवर ही वाटणी फारशी कुणाला बोचली नाही. नव्वदच्या दशकात घाऊक बाजार आणि लिलाव आले, आणि लिलावातल्या भावावर नवा प्रकल्प उभा राहत नाही, अशी ओरड सुरू झाली.

मेरीलँडने त्यावर युक्ती काढली. एका नव्या गॅसप्रकल्पाशी 20 वर्षांचा करार केला: लिलावात काहीही भाव निघो, कंपनीच्या पदरात ठरलेला भाव पडणार. समजा करारात 100 ठरले आणि लिलावात 60 निघाले, तर वरचे 40 वितरण कंपन्यांनी भरायचे आणि ग्राहकांकडून वसूल करायचे. 120 निघाले तर 20 परत. अट एकच, लिलावात बोली लागली पाहिजे. या अटीनेच घात केला. 2016 मध्ये ‘ह्यूजेस विरुद्ध टेलेन’ खटल्यात आठही न्यायमूर्तींनी ही योजना रद्द ठरवली. केंद्राच्या अखत्यारीतला घाऊक भाव राज्याला परस्पर बदलता येणार नाही, असं न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्या निकालपत्राने सांगितलं. मात्र लिलावातल्या सहभागाशी न जोडलेल्या मदतीबद्दल आपण काही म्हणत नाही, हेही त्यांनी नोंदवलं.

वकिलांना तेवढी फट पुरे होती. त्याच वर्षी न्यूयॉर्क आणि इलिनॉय यांनी तोट्यातल्या अणुप्रकल्पांना कार्बन न सोडल्याबद्दल प्रमाणपत्रं देऊ केली; न्यूयॉर्कमध्ये सुरुवातीला दर मेगावॉट-तासाला 17.48 डॉलर. वीज कुठे विकायची, याची अट नाही. प्रतिस्पर्धी कंपन्या म्हणाल्या, हे प्रकल्प लिलावाशिवाय वीज विकणार तरी कुठे? प्रश्न रास्त होता. तरीही 2018 मध्ये दोन अपील न्यायालयांनी राज्यांच्या बाजूने कौल दिला आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीच नाकारली.

कायद्याच्या दृष्टीने मला हे निकाल बरोबर वाटतात. धोरण न्यायाधीशांनी ठरवू नये, आणि चालू अणुप्रकल्प बंद पडले असते तर त्यांची जागा बहुधा गॅसनेच घेतली असती. पण मग ‘द्यावी का’ हे विधिमंडळाने नीट तपासायला हवं होतं, आणि नेमकी तिथेच घाण निघाली. इलिनॉयमध्ये अणुप्रकल्पांच्या मालक समूहातल्याच कॉमनवेल्थ एडिसन या वितरण कंपनीने विधानसभाध्यक्षांना खूश ठेवण्यासाठी त्यांच्या माणसांना कामं आणि कंत्राटं दिल्याची 2020 मध्ये कबुली दिली आणि 20 कोटी डॉलर दंड मान्य केला. ओहायोत 2019 चा तसाच कायदा सुमारे 6 कोटी डॉलरच्या लाचेवर उभा होता. तिथल्या अणुप्रकल्पांची मदत 2021 मध्ये विधिमंडळाने मागे घेतली, ती घाऊक-किरकोळच्या वादामुळे नव्हे, लाचखोरी उघडी पडल्यामुळे. आणि तो कायदा रेटणारे विधानसभाध्यक्ष लॅरी हाउसहोल्डर यांना 2023 मध्ये 20 वर्षांची शिक्षा झाली.