डोळ्यांची आखणी

बेळगावात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला तो १९०५ साली, झेंडा चौकात, लोकमान्यांच्या प्रेरणेने. आजही श्रावणात तेथील आणि निपाणीकडील मूर्तिशाळांत पाहिले, तर अंगाचा रंग, पितांबर, अलंकार सारे उरकल्यावरच मूर्तिकार डोळ्यांची आखणी हाती घेतो. यास व्यावहारिक कारण आहेच: ओल्या रंगावर बारीक रेघ पसरते, आणि बुबुळ केसभर सरकले तरी देव तिरळा होऊन सारे कसब वाया जाते. परंतु एवढ्यानेच उपपत्ती लागत असती, तर मूर्तीचे मुख वस्त्राने झाकून ती घरी नेण्याचा दस्तूर पडला नसता.

प्राणप्रतिष्ठेच्या वेळी पुरोहित तुपात बुडविलेली दूर्वा त्याच डोळ्यांना लावून त्यांचे पुन्हा उन्मीलन करतो. म्हणजे कारागिराने रेखिलेली दृष्टी शास्त्राच्या लेखी अद्याप दृष्टीच नव्हे! यात कारागिराचा अधिक्षेप आहे असे मला पूर्वी वाटे. आता वाटते की ही त्याची सुटकाच आहे. आपण घडविलेली वस्तू आपल्याकडेच पाहू लागली तर काय, या भयाचा भार त्याच्या शिरावरून उतरतो.

हे भय किती खरे असू शकते, ते सिंहलद्वीपात दिसते. तेथे कैदेत राहिलेल्या रॉबर्ट नॉक्स या इंग्रज खलाशाने १६८१ मध्ये लिहून ठेविले, की डोळे होईपर्यंत तेथील मूर्ती देव गणली जात नाही. आणि तेथील नेत्रविधीत कारागीर मूर्तीकडे पाठ करून, आरशात पाहत, डोळे रंगवितो, मग त्याचे डोळे बांधून त्यास बाहेर नेतात, कारण त्याची पहिली नजर ज्यावर पडेल त्याचा घात होणार.

आमच्या सीमाभागात नजरेचा हा व्यवहार उलट्या बाजूनेही चालतो. अर्धवट बांधलेल्या घरावर टांगलेल्या कोहळ्यावर वटारलेल्या डोळ्यांचा राक्षस रंगविलेला असतो. तो रंगविताना कुणी मुहूर्त पाहत नाही, की हात कापत नाही. दुष्ट नजर अडविणारे डोळे घाईत चालतात, कृपादृष्टीचे मात्र चालत नाहीत. कोहळ्याला मी निःसंकोच अंधश्रद्धा म्हणेन. आखणीपूर्वीच्या त्या संकोचाला तसे म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही, कारण त्यात कुणाचे अनिष्ट टाळण्याची तजवीज नसून आपल्या अधिकाराची सीमा ओळखणे आहे.

खरी अडचण आहे व्यक्तिचित्रकाराची. के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली रवी परांजपे यांच्यासारखे चित्रकार बेळगावातच घडले. त्या परंपरेतील चित्रकार बुबुळावर प्रकाशाचा पांढरा ठिपका ठेवितो आणि निर्जीव चेहरा एकाएकी पाहू लागतो. पण त्याच्यामागून दूर्वा घेऊन येणारा पुरोहित कुणी नसतो, आणि त्या नजरेत काही भलतेच उमटले, तर त्याचा जाब घरच्या मंडळींना एकट्या चित्रकारानेच द्यावयाचा असतो.