पापाचा हिशेब कुणी मांडावा?

अनंत चतुर्दशीस गणपती बोळवून गावे निजली होती. पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली. तो दिवस ३० सप्टेंबर १९९३. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील तेरणाकाठची गावे क्षणार्धात ढिगारा झाली. आठ-दहा हजार माणसे गेली. किल्लारी आणि सास्तूर ही नावे तेव्हापासून जोडीनेच उच्चारली जातात. हे वाचकांस ठाऊक आहे. मग आम्ही ते पुन्हा का काढतो? तर त्या सास्तुरात आमच्या तोंडून एक पाप घडले, त्याचा विचार आज वारकरी बंधुभगिनींपुढे ठेवावयाचा आहे.

त्याच वर्षी कार्तिकीनंतर सास्तूरच्या पत्र्याच्या निवाऱ्यांत आमचे कीर्तन ठरले. आम्ही तेव्हा तिशीतले, पाठशाळेतून न्याय-व्याकरण शिकून आलेले. कर्मसिद्धान्त जिभेवर घोळत होता. संचित, प्रारब्ध, क्रियमाण यांचे विवरण झाले, आणि भरात आम्ही बोलून गेलो की, पेरले ते उगवते. गावाच्या पापाचा घडा भरला म्हणूनच धरणी कोपली. टाळकऱ्यांनी माना डोलावल्या. इतक्यात बायांच्या बाजूने एक बाई उठून उभी राहिली. म्हणाली, "महाराज, माझी धाकटी चार वरसाची हुती. तिनं कवा पाप केलं वो? आन् मी केलं आसंल, तर भिंत मला सोडून तिच्यावर का पडली?" आम्ही 'पूर्वजन्म' एवढा शब्द उच्चारला. ती तोवर बाहेर गेली होती.

निवाऱ्यांत मलमपट्टी करावयास मिरजेकडची एक ख्रिस्ती परिचारिका आली होती. दुसऱ्या दिवशी पायास पत्रा लागला म्हणून आम्ही तिच्याकडे गेलो. तिने पट्टी बांधता बांधता खालच्या मानेने म्हटले, "महाराज, राग मानू नका. काल तुम्ही जे बोललात, त्यावर आमच्या प्रभूने एक उत्तर दिलेले आहे." आणि तिने शिलोहाच्या बुरुजाची गोष्ट सांगितली. यरुशलेमात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे दगावली होती. येशूने भोवतालच्या लोकांस विचारले की, ते अठरा जण गावातल्या इतरांहून अधिक पापी होते असे तुम्हांस वाटते काय? आणि स्वतःच उत्तर दिले की, तसे मुळीच नाही. तुम्ही मात्र आपापल्या पापाचा पश्चात्ताप करा. प्रश्न मेलेल्यांविषयीचा होता. त्याने तो जित्यांच्या पदरात टाकला. आम्ही काही न बोलता उठलो.

पुढे ते शास्त्र आम्ही मुळापासून वाचले. कुणी म्हणेल, गळ्यात माळ असता परधर्माची पोथी कशाला? तर बघा, रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेलो असे सांगत. पूल म्हटला की त्यावरून जाणेही आले आणि येणेही आले. आम्ही पलीकडे जाऊन पाहिले आणि माळेसकट परत आलो. शिवाय ही कथा मराठीस परकी नाही. इंग्लंडातून गोव्यास आलेल्या फादर स्टीफन्स यांनी दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचले, ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. आदाम आणि हव्वा यांची कथा तेव्हापासून ओवीत आहे.

आता त्यांचे म्हणणे ऐका. एदेन बागेत सर्व झाडे मोकळी, एकाचे फळ तेवढे वर्ज्य. सर्पाने हव्वेस भुलविले; तिने फळ खाल्ले आणि नवऱ्यास दिले. देवाने जाब विचारताच आदामाने बायकोकडे बोट दाखविले, बायकोने सर्पाकडे. आम्हांस या कथेतले मर्म इथेच दिसले. बागेतून हकालपट्टी झाली ती नंतर. दुसऱ्याकडे बोट दाखविणे हे फळ हातोहात आले.

मोह कोठून येतो? याकोब आपल्या पत्रात सांगतो की, देवाने मला मोहात घातले असे कुणी म्हणू नये. ज्याची त्याची वासना त्याला ओढते. वासनेस गर्भ राहिला की पाप जन्मते, आणि पाप वाढले की मरण. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील परंपरा वाचकांच्या मनात आली असेलच: विषयाचे चिंतन, त्यातून संग, संगातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृतिभ्रंश, आणि अखेर नाश. पायऱ्यांची नावे निराळी, जिना तोच.

आणखी एक प्रसंग आम्हांस फार मोलाचा वाटतो. येशूने रानात चाळीस दिवस उपास केला तेव्हा सैतानाने त्यास तीनदा मोह घातला. धोंड्याची भाकर कर, हा पहिला. जगाची राज्ये घे, हाही एक. पण मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देव तुला झेलीलच, हा मोह फार सूक्ष्म. तो भक्तालाच पडतो. वारी केली, एकादशी धरली, आता भिंत आपल्यावर पडावयाची नाही, असे मनात येणे म्हणजे त्या शिखरावर चढणेच होय. सास्तूरच्या ढिगाऱ्यांतही गळ्यात तुळशीमाळ असलेली माणसे होती हो!

भेदही सांगितला पाहिजे. ख्रिस्ती मत आदामाच्या पापाचा वारसा साऱ्या मनुष्यजातीस लावते. आम्ही ज्याचे कर्म त्यास असे म्हणतो. ते एकच जन्म मानतात, आम्ही अनेक. ते म्हणतात, पापाची शिक्षा ख्रिस्ताने क्रूसावर सोसली. आम्ही म्हणतो, नामाने पाप जळते. मात्र दोघांसही एकच भीती पडली. पौल रोमकरांस विचारतो की, कृपा आहेच तर पाप करीत राहावे काय? आणि ते पार निषेधितो. आमच्याकडे पद्मपुराणाने नामाचे दहा अपराध सांगितले, त्यांत नामाच्या बळावर पाप करणे हा एक ठेवला.

आता फळाचा प्रश्न. त्यांच्या जुन्या करारात बापाचे पाप तिसऱ्या-चौथ्या पिढीस भोवते असेही वचन आहे. पण यहेज्केल संदेष्टा त्याच्या उलट सांगतो की, जो पाप करील तो भोगील, पोराच्या माथी बापाचे पाप नाही. जन्मांध माणूस दिसला तेव्हा शिष्यांनी विचारले, पाप याचे की आईबापाचे? येशू म्हणाला, दोघांचेही नाही. आणि ईयोबाची कथा तर पाठच करावी. त्या सज्जनाची लेकरे घर कोसळून गेली. तीन मित्र आले आणि सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुके बसले. तोवर ते शहाणे होते. बोलू लागले तेव्हा म्हणाले, तू पाप केलेच असले पाहिजेस. कथेच्या शेवटी देवाचा कोप झाला तो ईयोबावर नाही, त्या मित्रांवर.

इथे आमचे शास्त्री शंका घेतील की, कारणावाचून कार्य नाही. मग भूकंपात मेला त्याचे कर्म नव्हते असे म्हणता काय? आम्ही कर्मसिद्धान्त सोडीत नाही. पण कर्माची गती गहन, असे भगवंतांनीच सांगितले आहे. जी गती गहन ती आम्हां कीर्तनकारांस दुसऱ्याच्या अंगणात एवढी स्वच्छ कशी दिसते? दृष्ट कारण तर समोर होते. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात घर गार राहावे म्हणून बापजाद्यांनी तसे बांधले. त्यात पाप कसले? आदल्या वर्षी, १९९२ साली, किल्लारीकडे धक्के बसले होते. त्यावर काय करावयास हवे होते, हा विचार जित्यांनी जरूर करावा. मेलेल्या लेकरास पापी ठरविण्याने एक भिंत बळकट होत नाही.

मोठ्यांसही हा मोह चुकला नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा, असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथांनी त्यास जाहीर विरोध केला, आणि गांधीजींनी तो विरोध आपल्या 'हरिजन' पत्रात छापला, हा त्यांचा मोठेपणा. गांधीजींनी त्या पापात स्वतःसही धरले होते. आम्ही सास्तुरात स्वतःस वगळले होते. तरीही आम्हांस रवींद्रनाथांचे पटते. अस्पृश्यता हे पाप खरेच. पण ते कळावयास भूकंप कशाला हवा? पंढरीचे दार १९४७ साली उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणाने.

आमच्या संतांची वाट काय? दुष्काळात तुकोबारायांची पत्नी गेली, मूल गेले. परंपरा सांगते की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली. दुष्काळ कुणाच्या पापाने पडला याचा तपास त्यांनी लोकांच्या घरी केला नाही. आपल्या घरातली खते काढली. आणि याच तेरणेच्या काठी वर तेर आहे, गोरोबाकाकांचे. भजनाच्या तंद्रीत त्यांचे तान्हे पायाखालच्या चिखलात तुडविले गेले. त्या बाळाचे पाप कोणते, असे आजवर कोणा वारकऱ्याने विचारलेले आम्ही ऐकले नाही. तेरेस जी रीत पाळतो ती सास्तुरात का विसरावी?

तेव्हा आमचा निर्णय असा. पाप आणि त्याचे फळ हे शास्त्र आरशासारखे आहे. ते आपल्या तोंडासमोर धरावयाचे. दुसऱ्याच्या दुःखावर ते चालविले की तेच पाप होते, आणि त्याचेही फळ येते.

आमचे फळ आम्हांस दिसले. सहा वर्षांनी आषाढीच्या वाटेवर ती बाई एका दिंडीत भेटली. चौकशी करता कळले की, त्या रात्रीपासून ती कोणत्याही कीर्तनास बसली नव्हती. बायांच्या आग्रहाने त्या वर्षी प्रथम निघाली होती. आम्ही तिच्या पाया पडलो आणि चुकलो म्हटले. तिने झटकन पाय मागे घेतले. जरा वेळाने म्हणाली, "महाराज, त्या दिशी तुमी नुस्तं माझ्यापाशी बसला आसता, तरी झालं आसतं."

तिने क्षमा केली. ती सहा वर्षे मात्र तिला परत देता येत नाहीत. ज्यांच्या गळ्यात वीणा आहे त्यांनी एवढे ध्यानी धरावे, ही प्रार्थना.

रामकृष्णहरी.