आकाशराणीच्या पोळ्या

मूर्तिपूजेविरुद्ध बायबल इतक्या वेळा आणि इतक्या त्राग्याने बोलते, की शंका यावी: घरोघरी मूर्ती नसत्या, तर एवढा आरडाओरडा कशाला झाला असता? दहा आज्ञांतली सुरुवातच पाहा. माझ्याखेरीज दुसरे देव करू नका, असे देव बजावतो. दुसरे देव नाहीतच, असे तिथे म्हणत नाही. मागणी आहे ती निष्ठेची.

सीनायच्या वाळवंटात कुंतिल्लेत अज्रूद इथे 1975-76 साली उत्खनन झाले. इ. स. पू. 800 च्या आसपासच्या मोठाल्या रांजणांवर शाईने लिहिलेले आशीर्वाद सापडले. त्यांत शोमरोन नगराच्या यहोवासोबत, म्हणजे बायबलच्याच देवासोबत, ‘त्याची अशेरा’ही आहे. अशेरा म्हणजे देवी की तिचा लाकडी खांब, यावर विद्वानांचे अजून एकमत झालेले नाही. पण लिहिणारा यहोवाचाच भक्त होता, आणि आपले काही चुकते आहे अशी पुसटशी शंकाही त्या मजकुरात दिसत नाही.

पुढे होशेय संदेष्ट्याने हे प्रकरण थेट नवरा-बायकोच्या भांडणावर नेले. इस्राएल ही बायको, बआल या दुसऱ्या देवाच्या नादी लागलेली. मूर्तिपूजा म्हणजे व्यभिचार ही भाषा मग रुळलीच. आज ती बोचते, आणि बोचायलाच हवी. पण अनन्य भक्तीत मत्सर कसा शिरला ते तिथे कळते.

यरुशलेमच्या राजांनी हातोडा उचलला. हिज्कीयाने खुद्द मोशेच्या नावावरचा पितळी साप फोडला, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळत. इ. स. पू. 622 च्या सुमारास योशीयाने गावोगावची पूजास्थाने मोडून पूजा यरुशलेमात आणली. त्यात भक्ती किती आणि राजधानीचे राजकारण किती, हे निवडून काढणे कठीण.

इ. स. पू. 586 च्या सुमारास यरुशलेमच बाबेलच्या हाती पडले. इजिप्तमध्ये पळून गेलेल्यांना यिर्मया संदेष्टा सांगू लागला की ही वेळ मूर्तींमुळे आली. त्यावर बायकांनी त्याला तोंडावर सुनावले. पूर्वी पोरे लाकडे गोळा करत, बाप विस्तव पेटवत, बायका कणीक मळून आकाशराणी या देवीसाठी पोळ्या करत. तेव्हा खायला पोटभर होते. धूप बंद केला आणि दिवस फिरले. आणि हे काय नवऱ्यांना ठाऊक नव्हते? संकट एकच, निष्कर्ष दोन, तेही उलटसुलट. संपादकांनी हा जबाब गाळला नाही, याचे नवल वाटते.

बाबेलला धरून नेलेल्यांच्या बंदिवासात सूर बदलला. यशयाच्या ग्रंथाच्या उत्तरार्धातला कारागीर अर्ध्या लाकडावर मांस भाजतो, शेकत बसतो आणि उरलेल्याचा देव करून त्याच्या पाया पडतो. म्हणजे दुसरे देव आता प्रतिस्पर्धीही उरले नाहीत. थट्टा झकास आहे, पण न्याय्य नाही. बाबेलमध्ये मूर्तीचे तोंड धुण्याचा सविस्तर विधी असे आणि ही आम्ही घडवलीच नाही, अशी शपथ कारागीर घेत. प्राणप्रतिष्ठा पाहिलेल्या मराठी वाचकाला त्यामागचा भाव समजावून सांगायला नको.

त्याच बंदिवासात यहेज्केल संदेष्ट्याने वेगळीच तक्रार मांडली: समोर येऊन बसलेल्या वडीलजनांनी मूर्ती मनात बसवल्या आहेत. काही शतकांनी, पौलाच्या नावावर असलेल्या कलस्सैकरांच्या पत्रात, लोभालाच मूर्तिपूजा म्हटले गेले. योशीयाला निदान काय फोडायचे ते डोळ्यांना दिसत होते.