पाया बदललेले घर

विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणखनिज असते. पावसाळ्यात ही माती पाणी शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. तिच्यावरचा उथळ पाया वरखाली होतो. खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीला तिरकी चीर जाते. दुरुस्तीत पायाखालची सगळी माती एकदम काढत नाहीत. भिंतीखालचा छोटा टप्पा खणून मुरमापर्यंत काँक्रीट भरतात, ते पक्के झाले की पुढचा टप्पा घेतात. तळघर असेल तर त्याच्या भिंतींना बाहेरून जलरोधक थर देतात. शेवटी घराचा आधार पूर्ण नवा होतो. मग घर तेच राहिले का?

भारतीय दर्शनांत याची वेगवेगळी उत्तरे आहेत. न्याय-वैशेषिक मतानुसार अवयवी, म्हणजे अवयवांनी बनलेली अखंड वस्तू, अवयवांहून वेगळा, पण त्यांच्यावरच आश्रित असतो. अवयव बदलला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो. बौद्ध मत अवयवीच नाकारते. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला दाखवून देतो की चाके, आस, दांडी यांपलीकडे रथ म्हणून वेगळी वस्तू नाही. ‘रथ’ हे केवळ व्यवहारातले नाव आहे.

मंदिराच्या जीर्णोद्धारात तिसरी दिशा दिसते. मूर्तीतील देवत्वाचे विधिपूर्वक कलशात आवाहन करून काम चालते, नंतर पुन्हा प्रतिष्ठा होते. दगड बदलले तरी क्षेत्र तेच मानले जाते, कारण तेथे एकत्व देवतेवर आणि अखंड पूजेवर ठरते. घराबाबत हाच निकष लावला, तर एकत्व पायाच्या द्रव्यात नसून न तुटलेल्या वास्तव्यात मानावे लागते.