सात जणांची बेरीज

आमचे एक स्नेही पेशाने हिशेबनीस. पश्चिम सिडनीत संसार थाटल्यामुळे रग्बी लीगचा नाद लागलेला, आणि हिशेबनिसाला नाद लागला की तो तक्ता मांडतो. 2021 च्या मोसमातल्या पहिल्या चार संघांच्या बॅकलाइनींचा असा एक तक्ता त्यांनी एकदा माझ्यापुढे सरकवला. फुलबॅकला दहापैकी इतके, दोन विंगरना इतके, दोन सेंटरना इतके, फाइव्ह-एट्थ आणि हाफबॅकला इतके. सात माणसं, सत्तर गुण. बेरजेअंती मेलबर्न पहिलं, साउथ सिडनी दुसरं, मॅन्ली तिसरं आणि पेनरिथ चौथं. मी म्हटलं, "अहो, त्या वर्षीचं विजेतेपद पेनरिथने घेतलं." ते शांतपणे म्हणाले, "घेतलं ना. तो वेगळा प्रश्न आहे."

मला ही शुद्ध पळवाट वाटली. छत्तीसपैकी एकतीस गुण जुळले की संसार सुखाचा होणारच, असं मानणाऱ्या पंथातले हे गृहस्थ, असं ठरवून मी त्यांच्याशी भांडायला बसलो.

रग्बी लीगचे नियम सांगत बसत नाही. एका बाजूला तेरा जण. चेंडू हाताने पुढे द्यायचा नाही, मागे किंवा आडवा द्यायचा. सहा वेळा अडवलं जाईपर्यंत, म्हणजे सहा टॅकल होईपर्यंत, चेंडू तुमचा, मग समोरच्यांचा. शेवटच्या रेषेपलीकडे टेकवला की ट्राय, चार गुण. तेरांपैकी सहा फॉरवर्ड, म्हणजे मधल्या गर्दीत धडका देणारे. उरलेले सात ते बॅक. एवढ्यावर भागतं.

या सातांत मला एकच भेद मोलाचा वाटतो: जागा करणारे आणि जागा वापरणारे. ट्रायच्या यादीत नाव लागतं ते वापरणाऱ्याचं. साउथ सिडनीच्या अ‍ॅलेक्स जॉन्स्टनने 2021 मध्ये 30 ट्राय केले, बहुतेक डाव्या कोपऱ्यात. ते झाले कसे हे पाहायचं तर कोपरा सोडून आत नजर न्यावी लागते. तिथे त्याचाच सहकारी कोडी वॉकर चेंडू घेऊन बचावफळीच्या अंगावर चालून जातो. त्याच्या शेजारून एक धिप्पाड फॉरवर्ड, चेंडू आपल्यालाच मिळणार अशा आविर्भावात, सरळ घुसतो. त्याच्या पाठीमागून फुलबॅक वळसा घेत येतो. समोरच्या बचावपटूने अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं की यातलं खरं कोण. तो आत झुकला की बाहेरचा कोपरा रिकामा, आणि वॉकरचा लांब पास दोन माणसांच्या डोक्यावरून जॉन्स्टनच्या हातात. मैदानाच्या कडेच्या रेषेच्या, म्हणजे टचलाइनच्या, वर हवेत आडवं होऊन एका हाताने चेंडू टेकवणं ही काही सोपी गोष्ट नव्हे. तरी ती जागा त्याने केलेली नसते, त्याला मिळालेली असते. आणि ज्याला चेंडू मिळालाच नाही, जो नुसता खोटं धावून टॅकल खाऊन उठला, त्या फॉरवर्डला तक्त्यात रकानासुद्धा नसतो.

हा मुद्दा मी स्नेह्यांना ऐकवला. त्यांनी पेन्सिल काढली. "मग करणाऱ्यांना दीडपट गुण देऊ." या माणसाशी वाद घालणं कठीण आहे.

पण मला अजून एक जात दाखवायची होती, आणि तिच्यासाठी पेनरिथकडे जाणं भाग होतं. ब्रायन टो'ओ हा त्यांचा विंगर. विंगर म्हटलं की उंच, सडपातळ, वाऱ्यासारखा पळणारा असं चित्र डोळ्यांपुढे येतं. हा ठोकळ्यासारखा. प्रतिपक्षाने चेंडू लांब लाथाडून पेनरिथला स्वतःच्या रेषेजवळ कोंडलं की पहिल्या-दुसऱ्या टॅकलला हाच चेंडू घेऊन गर्दीत शिरतो. अंगावर तीन-तीन माणसं पडतात आणि तो पाय हलवतच राहतो. फुलबॅक डिलन एडवर्ड्सही त्याच कामाला जुंपलेला. पुढच्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात सर्वोत्तम खेळाडूचं क्लाइव्ह चर्चिल पदक त्याला मिळालं. या दोघांनी आपल्या अंगणातून चेंडू बाहेर काढला की फॉरवर्डना दम खायला मिळतो, आणि सहाव्या टॅकलला हाफबॅक नेथन क्लिअरी स्वतःच्या रेषेपासून नव्हे तर मैदानाच्या मध्यावरून किक मारतो. विरोधकांच्या विसाव्या मीटरवर दिसणारं आक्रमण अशा रीतीने सत्तर मीटर मागे सुरू झालेलं असतं. तेव्हा पेनरिथची बॅकलाइनच सगळ्यात ताकदवान, ती दिसत नाही इतकंच. असं माझं प्रतिपादन होतं आणि मी त्यावर खूश होतो.

मग मी आकडे पाहिले. त्या मोसमाच्या नियमित फेऱ्यांत मेलबर्नने 815 गुण केले, साउथने 775, मॅन्लीने 744 आणि पेनरिथने 676. तक्त्याचा क्रम आणि गुणांचा क्रम हुबेहूब एक. त्यापुढचं तर जास्तच टोचणारं. बाद फेरीत पेनरिथ साउथकडून 10-16 असं हरलं पण स्पर्धेबाहेर पडलं नाही, मग पॅरामॅटाला 8-6, मेलबर्नला 10-6 आणि अंतिम सामन्यात साउथला 14-12 असं हरवून विजेतं झालं. चार सामन्यांत मिळून गुण 42. मॅन्लीने त्याच बाद फेरीत रूस्टर्स संघाविरुद्ध एका संध्याकाळी 42 केले होते! पेनरिथने जे जिंकलं ते न दिसणाऱ्या आक्रमणाने की अडवण्याच्या चिकाटीने? अख्ख्या नियमित मोसमात त्यांनी स्वतःवर 286 गुणच होऊ दिले, हे उत्तर समोर असताना मी टो'ओच्या पायांत आक्रमण शोधत बसलो होतो.

इथे जरा आडवाट धरतो, कारण पॅरामॅटाचं नाव आलं की पश्चिम सिडनीतला कुठलाही माणूस, मराठीसुद्धा, 1986 पर्यंत मागे गेल्याशिवाय राहत नाही. त्यानंतर त्या संघाने विजेतेपद पाहिलेलं नाही. ऐंशीच्या दशकातली पॅरामॅटाची बॅकलाइन आजही जुनी मंडळी देवाचं नाव घ्यावं तशी घेतात: पीटर स्टर्लिंग, ब्रेट केनी, मिक क्रोनिन, स्टीव्ह एला, एरिक ग्रोथी. 1981, 82, 83 अशी लागोपाठ तीन विजेतेपदं, आणि त्या तिन्ही अंतिम सामन्यांत केनीचे प्रत्येकी दोन ट्राय. मग 1986 चा अंतिम सामना, कँटरबरीशी. हीच पाच नावं मैदानावर. निकाल 4-2. दोन्ही बाजूंनी एकही ट्राय नाही. क्रोनिनच्या दोन पेनल्टी किकांवर करंडक आला. ज्या बॅकलाइनीच्या कथा नातवंडांना सांगितल्या जातात, तिचं शेवटचं विजेतेपद एकही ट्राय न करता आलेलं आहे. आता 1986 च्या त्या करंडकावरून कुणी म्हणेल का, की त्या दिवशी पॅरामॅटाचं आक्रमण फार भारी होतं?

नियमही या तुलनेत लुडबुड करतात. टॅकलना मर्यादा नव्हती तोवर चेंडू धरून ठेवणाऱ्या फॉरवर्डांचं राज्य होतं. सेंट जॉर्जने 1956 ते 1966 अशी ओळीने अकरा विजेतेपदं घेतली, आणि 1967 मध्ये ऑस्ट्रेलियात चार टॅकलची मर्यादा आली. पुढे त्या चाराच्या सहा झाल्या. 2020 पासून तर बचाव करणाऱ्यांनी पडलेल्या खेळाडूवर रेंगाळून खेळ मंदावला की पेनल्टीऐवजी आक्रमकांना सहा टॅकल पुन्हा मिळू लागल्या. फॉरवर्ड थकले, बॅकना मोकळीक मिळाली, आणि 2021 मध्ये गुणांचा पूर आला. 815 आणि 744 हे आकडे थोडे या पुराचेही आहेत. स्नेह्यांच्या तक्त्यात याला रकाना नाही, हे मी त्यांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "पूर चौघांनाही सारखाच आला की."

तर मी निघालो होतो पेनरिथची बॅकलाइन पहिली ठरवायला, आणि हातात आलं ते हे: विजेतेपद हा आक्रमणाचा पुरावाच नव्हे. जिंकले म्हणून भारी, हा माझा हिशेब त्यांच्या बेरजेपेक्षा कच्चा. त्यांचा 'वेगळा प्रश्न' खरोखरच वेगळा होता. पण त्यावरचं उत्तर बेरजेने मिळतं, हे मात्र मी मान्य करत नाही. सात माणसांच्या ओळीची ताकद मोजायची तर त्यातून एक माणूस काढावा आणि उरलेल्या सहांनी काय केलं ते पाहावं. जागा करणारा एकटाच असेल तर तो गेल्यावर वापरणारे नुसते उभे राहतात.

मॅन्लीचं बघा. मोसमाच्या सुरुवातीला त्यांचा फुलबॅक टॉम ट्रबोयेविच दुखापतीने बाहेर होता. पहिले चारही सामने हरले, त्यातले काही लाजिरवाणे. तो आला आणि तेच विंगर, तोच हाफबॅक डॅली चेरी-इव्हान्स एकाएकी देखणे दिसू लागले. ट्रबोयेविचने निम्मा-अधिक मोसम खेळून 28 ट्राय केले, करवलेही किती तरी. ही बॅकलाइन नव्हे, हा एक माणूस आणि त्याचे सहा लाभार्थी. तक्त्यात मात्र सहाही लाभार्थ्यांना त्याच्या कमाईचे गुण मिळाले होते.

मेलबर्नचा फुलबॅक रायन पापेनहायझन मे महिन्यात डोक्याला मार लागून बरेच आठवडे बसला. निकोलस हाइन्स त्याच्या जागी आला, आणि सलग 19 विजयांची मालिका सुरूच राहिली. ही खरी ओळ. तरी पेनरिथसारखा बचाव समोर आला तेव्हा उपांत्य सामन्यात तिला 6 गुणच काढता आले.

आणि साउथ. बाद फेरीच्या तोंडावर लॅट्रेल मिचेल, म्हणजे त्यांचा फुलबॅक आणि तक्त्यातला त्यांचा सर्वांत महाग माणूस, एका धोकादायक टॅकलपायी निलंबित झाला. त्याच्या जागी ब्लेक टाफ नावाचा नवखा पोरगा. अशा ओळीने आधी पेनरिथला 16-10 असं हरवलं, मग ट्रबोयेविचसह खेळणाऱ्या मॅन्लीला 36-16 असं झोडपलं. अंतिम सामन्यात मध्यंतराला 8-8. मग वॉकरने तोच पास टाकला, वर्षभर ज्यावर जॉन्स्टन जगला तो, डोक्यावरून जाणारा लांब पास. या वेळी पेनरिथचा विंगर स्टीफन क्रायटन आत झुकला नाही. खोट्याकडे ढुंकूनही न पाहता तो पासच्या वाटेवर धावला, चेंडू हवेत टिपला आणि पळत जाऊन ट्राय केला. नंतर जॉन्स्टनने कोपऱ्यात एक ट्राय केलाच, पण टचलाइनवरून अ‍ॅडम रेनॉल्ड्सची ट्रायनंतरची किक हुकली, आणि दोन गुणांची तूट तशीच राहिली.

स्नेह्यांनी अर्थातच मे महिना काढला. त्या महिन्यात याच साउथने मेलबर्नकडून 50-0 असा मार खाल्ला होता. जोश अ‍ॅडो-कार या एकट्या विंगरने सहा ट्राय केले होते. पुढे डबो शहरात पेनरिथकडून 56-12. "हीच का तुमची ताकदवान ओळ?" मी म्हटलं, पन्नास गुण खाणं हा बचावाचा प्रश्न, आणि बचाव हा वेगळा प्रश्न आहे, असं तुम्हीच शिकवलंत. त्या शून्याबद्दल मी काही बोललो नाही; त्यांनीही, त्यांचा मोठेपणा, ताणून धरलं नाही. मेमधली ओळ आणि सप्टेंबरमधली ओळ एक नसते, एवढं मात्र मी धरून आहे. तक्त्यावर संघाचं नाव लिहिताना महिनाही लिहायला हवा.

सप्टेंबर 2021 पुरता माझा निकाल असा: साउथ सिडनी पहिलं, मेलबर्न दुसरं, मॅन्ली तिसरं आणि पेनरिथ, स्नेही म्हणतात तसं, चौथंच. सगळ्यात ताकदवान बॅकलाइन अंतिम सामना दोन गुणांनी हरली.