ओढणीत आलेले मासे



गेल्या एप्रिल महिन्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर धर्मशिक्षणाच्या वर्गातील एक मुलगा मला हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेला. ओसरीवर काचेची छोटी टाकी होती. तिच्यात विश्वगंगेच्या डबक्यातून आईच्या जुन्या ओढणीने धरलेले सात मासे होते. सहा चंदेरी, बोटाएवढे. सातवा रेतीच्याच रंगाचा, अंगावर पुसट पट्टे असलेला. तो तळाच्या रेतीत तोंड खुपसून बसला होता. पश्चिम महाराष्ट्रात अशा माशांना मुरी म्हणतात. विकतचा एकही मासा नाही, याचा त्या मुलाला मोठा अभिमान होता.

मी कौतुक केले, चहा घेतला आणि निघालो. पण वाटेत मनात आले, आपण कौतुक केले ते बरोबर केले का?

यात चोरी नाही. नदीतला मासा त्याने कुणाच्या शेततळ्यातून काढलेला नाही. क्रूरताही नाही, तो पोरगा त्या माशांना सकाळ-संध्याकाळ जपतो. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांचे म्हणणे असे, की मुक्या प्राण्यांशी क्रूरपणे वागू नये, कारण ती सवय पुढे माणसांपर्यंत पोहोचते. या कसोटीला आपला मुलगा सहज उतरतो. त्याचे मन उलट मऊच झाले आहे. परंतु ही कसोटी पकडणाऱ्याकडे पाहते, माशाकडे नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात आपली नजर दुसरीकडे वळवली. माणसाला उपयोग असो वा नसो, प्रत्येक जीवाला देवापुढे स्वतःचे मोल आहे, असे ते सांगतात. मग विचारावे लागते, त्या सातव्या माशाचे काय?

कुणी म्हणेल, आपण उपवासकाळातल्या शुक्रवारी मासेच शिजवतो, आणि इथे एक मासा टाकीत ठेवला म्हणून एवढे प्रवचन! आक्षेप रास्त आहे. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथानेही अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग मान्य केला आहे. विनाकारण त्यांना यातना देणे वा मारणे मात्र माणसाला शोभत नाही, असे म्हटले आहे. मला वाटते, फरक गरजेच्या मर्यादेत आहे. जेवणाला मर्यादा असते. आवडीला ती आपणहून घालावी लागते, आणि बाजार ती घालू देत नाही.

याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. कृष्णा आणि तिच्या उपनद्यांच्या वरच्या खोऱ्यात, महाराष्ट्रात व कर्नाटकात, पिवळसर अंगावर काळे पट्टे असलेला एक छोटा मासा राहतो. बाजारात त्याला झेब्रा लोच म्हणतात. १९२० साली सी. आर. नारायण राव यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आज तो धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यातील ३० जातींचे १५ लाखांहून अधिक गोड्या पाण्यातील मासे शोभेसाठी परदेशी गेले. त्यांत हा एकटा मासा पावणेचार लाखांहून अधिक. घरच्या टाकीत तो सहसा अंडी घालत नाही. म्हणजे एक मेला की दुसरा आणायचा. हे मासे विकत घेणाऱ्या लोकांनाही ते आवडतच होते. त्यांच्यात दुष्ट कुणी नव्हते.

मी हे सारे त्या मुलाला सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, “डबकं तं आटतच होतं, काका. थे मरूनच गेले असते.”

याचे उत्तर मला लगेच सुचले नाही. आपली विश्वगंगा एप्रिलमध्ये कशी असते हे आपण सारे पाहतो. पुलाखाली दगड, प्लॅस्टिक, आणि मधे मधे हिरवट पाण्याची डबकी. त्यातले बहुतेक मासे बगळ्याच्या आणि खंड्याच्या पोटात जातात, हे खरे. पण खोल डोहात जे थोडे तग धरतात, त्यांच्याकडूनच पुढच्या वर्षीची नदी भरते. पहिला पूर आला की ते प्रवाहाविरुद्ध चढतात. त्यांना आपण चढणीचे मासे म्हणतो. त्यांच्या पोटात अंडी असतात. कोणता मासा मरणार होता आणि कोणता चढणार होता, हे ओढणीला कळत नाही. शिवाय वाचवणे म्हणजे नुसते उचलणे नव्हे. वाहत्या पाण्याच्या माशाला प्राणवायू जास्त लागतो, आणि पाणी तापले की तो कमी होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जंतू नव्या टाकीत स्थिरावायला महिना-दीड महिना लागतो. एवढे ज्याला जमेल त्यानेच वाचवण्याची भाषा करावी. त्या मुलाचे तीन मासे पहिल्या पंधरा दिवसांतच मेले होते. ते त्याने मला आधी सांगितले नव्हते.

जून लागला. नदीला पाणी आले. तो पुन्हा मिस्सानंतर दाराशी थांबला होता. “काका, आता यायले सोडून देऊ का?”

मला आनंद झाला. एवढ्यात तो म्हणाला, मधल्या काळात मलकापूरहून दोन गप्पी आणून त्याच पाण्यात सोडले आहेत. आता मी पेचात पडलो. दुकानातल्या माशांबरोबर राहिलेला मासा कोणता रोग घेऊन नदीत जाईल, हे सांगता येत नाही. आणि गप्पी तर मूळचे दक्षिण अमेरिकेचे. तिकडचाच सकर मासा लोकांनी टाकीत मावेना म्हणून दयेपोटी सोडला. आज तो उजनीच्या जलाशयात मच्छीमारांची जाळी फाडतो. ज्याला आपण मुक्ती समजतो, ती दुसऱ्या हजारो जीवांवर संकट होऊ शकते. मी त्याला नको म्हणालो. विश्वगंगा पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला. आपल्या ओसरीवरची चूक कुठवर वाहत जाईल कोण जाणे.

त्याचा चेहरा पडला. घेताना वाट मोकळी होती, परत देताना नाही, हे त्याला बाराव्या वर्षी कळले. मला साठीत कळते आहे. कारण त्या रात्री माझ्या घराच्या भिंतींकडे पाहताना आठवले, बांधकामाला नदीची आठ ब्रास रेती लागली होती. ज्या रेतीत तो पट्टेरी मासा तोंड खुपसून बसतो, तीच रेती. ट्रॅक्टर रात्री आला होता आणि मी पावती मागितली नव्हती. मुलाने ओढणीने सात मासे नेले. माझ्या भिंतींनी त्यांची जागाच नेली, आणि ती रेती मीही परत नेऊन टाकू शकत नाही.

टाकी अजून ओसरीवर आहे. चार मासे आहेत, पट्टेरी त्यातच. नवीन आणायचे नाहीत असे आमचे दोघांचे ठरले आहे. दर रविवारी दुपारी तो आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या बादलीतले पाणी थोडे थोडे बदलतो, आणि मी पाइप धरायला जातो.