घागरीत न मावणारा मासा

मालवणला किल्ल्याच्या आसपासच्या खडकाळ पाण्यात जे डुबकी मारतात, त्यांना कधी कधी एक देखणा मासा दिसतो. अंग तपकिरी-नारिंगी, छातीच्या पराजवळून निघून पाठीकडे वळत गेलेले निळे पट्टे, खांद्याशी एक निळे कडे आणि शेपटी पांढरी. शौकीन लोक त्याला ब्ल्यू रिंग एंजेलफिश म्हणतात. बर्लिनचे वैद्य मार्कुस ब्लॉख यांनी १७८७ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. बरोबर दोनशे वर्षांनी, १९८७ मध्ये, इथला समुद्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. या माशाची पिल्ले मात्र मोठ्यांसारखी मुळीच दिसत नाहीत. ती काळसर निळी असतात आणि अंगावर पांढऱ्या-निळ्या उभ्या रेघा असतात. त्याच्या भावकीतल्या एम्परर एंजेलफिशचे पिल्लू तर इतके वेगळे दिसते, की अभ्यासकांनी त्याला निराळी जात मानून निराळे नाव देऊन टाकले होते.

दुकानाच्या काचेत दिसते ते बहुधा असे पिल्लू, दोन-तीन इंचांचे. वाढ पुरी होते तेव्हा ब्ल्यू रिंग दीड फुटाचा होतो. घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दोन-तीन इंच असतात. दीड फूट पुढे वाढून ठेवलेले असतात, आणि या प्रकरणातला धर्माचा प्रश्न तिथून सुरू होतो. जो जीव सुंदर वाटतो त्याला स्वतःच्या घरात जिवंत ठेवण्याचा अधिकार माणसाला कुठून मिळतो, आणि तो जिवंत राहिला एवढ्याने तो अधिकार सिद्ध होतो का?

मासा पाळण्याची आपल्याकडची सर्वांत जुनी गोष्ट शतपथ ब्राह्मणात आहे. सकाळी हात धुवायला आणलेल्या पाण्यात मनूला एक इवलासा मासा सापडतो. मला सांभाळ, मी तुला तारीन, असे तो म्हणतो. आम्ही लहान असतो तोवर मासाच माशाला गिळतो. म्हणून आधी मला घागरीत ठेव, तिथे मावेनासा झालो की खड्डा खणून त्यात ठेव, तोही अपुरा पडला की समुद्रात नेऊन सोड. मनू सांगितल्याबरहुकूम करतो. पुढे प्रलय येतो आणि मासा मनूची नाव ओढून नेतो. महाभारताच्या वनपर्वात घागर, तळे, गंगा आणि समुद्र असे टप्पे येतात. पुराणांत हाच मासा विष्णूचा पहिला अवतार होतो.

कीर्तनात आणि चित्रांत प्रलय आणि नाव यांनाच मान मिळतो. सांभाळण्याचा भाग दोन वाक्यांत उरकला जातो. खरे तर गोष्टीचा कणा तोच आहे. आश्रय मागतानाच माशाने आश्रयाची मुदत सांगून टाकली आहे. मनू माशाला घागरीच्या मापाने राहायला लावत नाही, माशाच्या मापाने भांडे बदलत जातो. आणि शेवटचे भांडे त्याच्या मालकीचे नाही.

आजच्या घरातल्या काचपेटीत हे माप कसे बसते ते बघण्यासारखे आहे. एंजेलफिश कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया बाहेर टाकतो. समुद्रात त्याचा ठावही लागत नाही, दोनशे लिटरच्या टाकीत तो विष होतो. एक प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तेवढा धीर न धरणाऱ्यांचे पहिले मासे तिथेच मरतात. पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार लागतात आणि उष्मा २५ अंशांच्या आसपास राखावा लागतो. मालवणच्या माणसाला वाटेल, समुद्र तर दारात आहे, कळशीभर आणला की झाले. पण पावसाळ्यात कर्लीचे, गडनदीचे गढूळ पाणी किनाऱ्याच्या समुद्रात शिरते आणि खारटपणा उतरतो. मे महिन्यात उष्म्यापायी टाकीला चिलर लागतो. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळाने या किनाऱ्यावरचे विजेचे खांब आडवे केले आणि पुष्कळ वाड्या कित्येक दिवस अंधारात राहिल्या. पंप बंद पडला, की दाट वस्तीच्या टाकीतला प्राणवायू काही तासांत संपू लागतो.

हे सगळे पैशाने आणि चिकाटीने जमवता येते. जमत नाही ती एंजेलफिशची भूक. यांतल्या पुष्कळ जाती खडकांवर वाढणारे स्पंज आणि पिशवीसारखे समुद्री जीव खरवडून खातात. घरच्या टाकीत तेवढे स्पंज वाढत नाहीत. मोठे ब्ल्यू रिंग आणि एम्परर कोळंबीवर, शेवाळ्यावर, स्पंज मिसळलेल्या गोठवलेल्या खाद्यावर रुळतात. पण मालदीवच्या प्रवाळांत राहणाऱ्या रीगल एंजेलफिशची ख्याती अशी, की पुढ्यात अन्न असताना तो उपाशी मरतो. काही मासे पकडले जातानाच निम्मे मेलेले असतात. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून, आणि पुढे इंडोनेशियातही, पाण्यात सायनाइड फवारून मासे गुंगवण्याची चाल पडली. तसा मासा दुकानात टवटवीत दिसतो आणि नंतर आतून खचत जातो. खोल पाण्यातून घाईने वर आणलेल्याची हवेची पिशवी फुगते. या सगळ्यांतून वाचलेल्याला पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी गाठतो, म्हणून जाणते लोक नवा मासा आधी काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवतात.

एवढे करणाऱ्या माणसाला निर्दय म्हणणे अन्यायाचे होईल. रोज पाणी तपासणारा, सुट्टीत गावाला न जाणारा, माशाने दोन दिवस खाल्ले नाही तर स्वतः अस्वस्थ होणारा पाळणारा हा बहुतेकदा फार हळवा माणूस असतो. अडचण त्याच्या हळवेपणातच आहे, आणि ती भागवताच्या पाचव्या स्कंधाने ओळखली होती. राज्य सोडून गंडकीकाठी राहिलेला भरत नदीत वाहत चाललेले हरणाचे पाडस वाचवतो. आई मेलेली, दुसरे कोणी नाही. ते उचलणे धर्मच होता. पण पाडस मोठे होते, रानात जाऊ लागते, तरी भरताचे मन त्याला सोडत नाही. जप सुटतो, मरताना डोळ्यांपुढे हरीण राहते आणि पुढचा जन्म हरणाचा मिळतो. मनू आणि भरत दोघांनीही पाण्यातून एक जीव उचलला. एकाने तो वेळेवर परत दिला, दुसऱ्याला देता आला नाही. भागवताने भरताच्या दयेत दोष काढलेला नाही, ती जिथे थांबायला हवी होती तिथे थांबली नाही एवढाच काढला आहे.

ही चूक एका माणसापुरती राहत नाही. १८५०च्या दशकात इंग्लंडमध्ये फिलिप गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने घरगुती सागरी काचपेटीची आवड लावली. त्याचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक १८५४ चे. गॉस कमालीचा धार्मिक होता. किनाऱ्यावरच्या डबक्यांतले इवले जीव त्याला ईश्वराच्या कारागिरीचा पुरावा वाटत आणि लोकांनी ते पाहावेत म्हणून तो लिही. लोकांनी पाहिले आणि टोपल्या, छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर उतरले. त्याचा मुलगा एडमंड याने १९०७ मधल्या आत्मचरित्रात लिहिले आहे, की लहानपणी पाहिलेली ती भरलेली डबकी संग्राहकांनी ओरबाडून रिकामी केली, आणि आपल्या पुस्तकांचा त्यात वाटा असल्याचे वडिलांच्या मनाला फार लागले. भक्तीने दाखवलेली वस्तू हावरेपणाने लुटली गेली. गॉसचा हेतू शुद्ध होता, म्हणूनच त्याचे उदाहरण टाळता येत नाही.

भारतात कायद्याने या प्रश्नाला दोन बाजूंनी हात घातला. कठीण प्रवाळ आणि समुद्री घोडे २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. त्यामुळे जिवंत प्रवाळाचा तुकडा घरी आणणे हा वाघाच्या कातड्याइतका गंभीर गुन्हा आहे. मे २०१७ मध्ये केंद्राने फिशटँकच्या दुकानांसाठी नियम काढले, त्यांत ज्या १५८ जाती विकायला मनाई होती त्यांत एंजेलफिश होते. व्यापाऱ्यांची ओरड झाली आणि ते नियम मागे घेतले गेले. आता एंजेलफिश घ्यावा की नाही हा निर्णय पुन्हा गिऱ्हाइकाच्या विवेकावर येऊन पडला आहे.

इथे कोणी विचारील, ज्या गावात बांगडा आणि सुरमई रोज चुलीवर चढते, तिथे एका शोभेच्या माशाचा एवढा विचार कशाला? प्रश्न रास्त आहे. पण रापण ओढणारा भुकेसाठी आणि पोटासाठी मारतो, वाटे करून खातो आणि जून-जुलैत मासेमारी बंद ठेवतो. समुद्राकडून घेतो हे तो जाणतो, म्हणून नारळी पौर्णिमेला त्याला नारळ देतो. सौंदर्यासाठी घेणाऱ्याला अशी कुठलीच मर्यादा बाहेरून पडलेली नाही. ती त्याला स्वतःच घालून घ्यावी लागते. आणि सोडून देण्याचा धडा तर त्याला कोळ्यांकडूनच मिळेल. जाळ्यात कासव किंवा बहिरी मोरी (व्हेल शार्क) अडकली, तर स्वतःचे जाळे कापून तिला मोकळे करणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्र सरकार २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते.

मासा न नेता त्याच्याशी नाते ठेवण्याची रीत कोकणाला नवी नाही. महाडजवळ काळ नदीच्या वाळण कोंडीत वरदायिनी देवीच्या नावाने मोठे मासे राखलेले आहेत. भाविक त्यांना कुरमुरे घालतात, गळ कोणी टाकत नाही. दर्शन घ्यावे आणि परतावे, एवढाच तिथला व्यवहार. मालवणला पाण्याखाली एंजेलफिश बघणे ही त्याच जातीची गोष्ट होऊ शकते. होते असे मात्र नेहमी नाही. नांगर प्रवाळावर पडतात, पर्यटक त्यावर उभे राहतात, फोटोसाठी माशांना पाव चारला जातो. इथले प्रवाळ समुद्र तापल्यामुळे पांढरे पडल्याचे गेल्या काही वर्षांत नोंदले गेले आहे. त्यावर असा भार घालणारे दर्शनही उपद्रवच असते.

पाळणाऱ्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. या माशांच्या खाण्या-वागण्याबद्दल आज जे कळते, त्यातले पुष्कळसे टाक्यांपुढे बसून राहिलेल्या माणसांमुळे कळले. ते ज्ञान खोटे नाही. पण मनूला मोकळी असलेली शेवटची पायरी आजच्या पाळणाऱ्याला बंद झाली आहे. निरनिराळ्या देशांच्या माशांबरोबर राहिलेला मासा समुद्रात सोडला, तर त्याच्याबरोबर रोगही सुटतात. हिंदी-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या पाण्यात दिसला, बहुधा कोणाच्या तरी टाकीतून गेलेला. आज तो कॅरिबियनभर तिथल्या लहान माशांना खाऊन वाढतो आहे. मोठा एंजेलफिश नीट सांभाळला तर दोन दशकेही जगू शकतो. इतकी वर्षे तो दीड फुटाचा जीव काचेआड राहणार आणि परत जायला त्याला वाट नसणार, हे घेतानाच माहीत असते. म्हणून समुद्रातून पकडलेला एंजेलफिश घरी आणू नये, असेच म्हणावे लागते; कितीही मोठी टाकी असली तरी.

ज्याला तरीही खाऱ्या पाण्याची टाकी हवी आहे, त्याला क्लाउनफिश आहे. त्याची मादी अंडी दगडाला चिकटवून घालते, नर ती राखतो आणि पिल्ले टाकीतल्या लहानशा जागेत वाढवता येतात; केरळ-तमिळनाडूतल्या सागरी संशोधन केंद्रांनी हे तंत्र कधीच बसवले आहे आणि नवी मुंबईत ऐरोलीलाही त्यांची पैदास होते. एंजेलफिशची अंडी पाण्यावर तरंगत जातात आणि त्यांतून निघणाऱ्या जीवाला इतके बारीक खाद्य लागते, की ते पुरवणे अजून मोजक्याच जागी साधले आहे. दुकानात मासा हॅचरीतला की समुद्रातला, हे विचारता येते. उत्तर मिळाले नाही तर तो घेऊ नये.